लहान मुलांच्या डोळ्यांचा खास दवाखाना: चार स्टार, आणि पाचवा का नाही तेही सांगते

रिव्ह्यू लांबलाय हे आधीच सांगते. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच घ्या, की मूल शाळेत जायला लागलंय आणि त्याचे डोळे एकदाही थेंब घालून तपासलेले नाहीत तर ते करून घ्या, आणि जमत असेल तर लहान मुलांचेच डोळे बघणाऱ्या डॉक्टरांकडे करून घ्या, दुकानात मशीनवर हनुवटी टेकवून जो नंबर निघतो त्यावर थांबू नका. बाकीच्यांनी सावकाश वाचा.

दवाखान्याचं नाव टाकत नाहीये, मेसेज करूनही विचारू नका प्लीज. सगळ्यांना काही तिथेच जाता येणार नाही, आणि तिथे नक्की काय काय केलं हे कळलं तर तुम्ही जिथे जाल तिथे ते होतंय की नाही हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

तर आम्ही गेलो कशाला. शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि मुलाच्या वहीतून चिठ्ठी आली, डावा डोळा डॉक्टरांना दाखवा. मुलगा पहिलीत आहे. घरात सगळ्यांचं एकच, ह्याला काय झालंय, ह्याला जमिनीवरची मुंगी दिसते, लांबच्या पाट्या आपल्याआधी वाचतो, टीव्हीला चिकटून बसत नाही, डोकं दुखतं म्हणत नाही. आणि हे सगळं खरंच होतं, कारण उजव्या डोळ्याने त्याला उत्तम दिसत होतं. दोन्ही डोळे उघडे असले की मूल चांगल्या डोळ्यावर सगळं निभावून नेतं, तक्रार करायला त्याच्याकडे कारणच नसतं. दुसऱ्या डोळ्यानेही एवढंच स्वच्छ दिसायला पाहिजे हे त्याला कुठून माहीत असणार, पहिल्यापासून तसंच आहे त्याला. तिरळेपणा असता तर निदान फोटोत तरी कोणाच्या लक्षात आलं असतं, इथे दोन्ही डोळे सरळ, बाहेरून खूण काही नाही. त्यामुळे शाळेतल्या त्या तपासणीला माझ्याकडून वेगळे पाच स्टार. एक एक डोळा झाकून वाचायला लावलं एवढंच त्यांनी केलं होतं, पण तेच तर करायचं असतं.

आता दवाखाना. पहिल्या खोलीत डॉक्टर नसतात, ऑप्टोमेट्रिस्ट असतात, म्हणजे नजर आणि नंबर तपासणाऱ्या. आमच्या वाट्याला एक तरुण ताई आल्या आणि त्यांचं पहिलं काम मला फार आवडलं. मुलाला हाताने डोळा झाकायला न सांगता त्यांनी डोळ्यावर सरळ चिकटपट्टीच लावली. म्हणाल्या, हात दिला की सगळी मुलं बोटांच्या फटीतून बघतात, मुद्दाम नाही करत, आपोआप होतं. मग अक्षरं. तीही दरवेळी बदलून, कारण मुलं तक्ता पाठ करतात, एका डोळ्याने वाचलेली ओळ दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आठवणीतून म्हणून टाकतात आणि तपासणाऱ्याला वाटतं वा, दोन्ही डोळे मस्त. आधी डावा डोळा झाकला, पोरगा शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड. मग उजवा झाकला. एकदम शांत झाला, मान थोडी वाकडी केली, आणि म्हणाला, "ताई, लाइट घालवली का तुम्ही?" लाइट चालूच होती.

डाव्या डोळ्याची नजर चष्म्याशिवाय ६/६० निघाली. ह्या आकड्यांचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला म्हणून लिहिते. वरचा ६ म्हणजे ६ मीटर, मूल जिथे बसलंय ते अंतर, आणि खालचा आकडा म्हणजे निरोगी डोळा तेच अक्षर किती मीटरवरून वाचू शकतो ते. म्हणजे ६/६० असलेल्या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं ते बघायला, जे आपल्याला ६० मीटरवरून दिसतं. हा तक्ता स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये काढला आणि अजून तोच चालतो. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्या पिल्लांसाठी चार चित्रांचा तक्ता असतो, सफरचंद, घर, गोल आणि चौकोन. तो फिनलंडच्या लेआ ह्युव्हारिनेन ह्या डॉक्टरांचा, १९७६ चा. मुलाला नाव नाही सांगता आलं तर हातातल्या कार्डावर बोट ठेवायचं. लाजरी मुलंही करतात. अगदी बोलताही न येणाऱ्या बाळांसाठी राखाडी पुठ्ठे असतात, एका बाजूला काळ्यापांढऱ्या रेघा, बाळाची नजर रेघांकडे वळते का ते ताई पुठ्ठ्याच्या मधल्या बारीक भोकातून बघतात. तेव्हा "एवढ्याशा बाळाची नजर काय तपासणार" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तपासता येते.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ती माशी. एक पुस्तिका असते, तिच्यात मोठ्या माशीचा फोटो, आणि मुलाला गॉगलसारखा एक चष्मा घालतात. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर माशीचे पंख कागदाच्या वर उठलेले दिसतात आणि "पंख चिमटीत पकड" म्हटलं की मूल हवेतच चिमूट धरतं, काही तर घाबरून हात मागे घेतात. आमच्या आधी एक मुलगी होती ती किंचाळलीच. आमच्याने बोट सरळ नेलं आणि पानावर टेकवलं, सपाट. मला काहीच समजलं नव्हतं तोवर, ताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं तेवढंच दिसलं.

मग डॉक्टर. बॅटरीचा उजेड लांबून डोळ्यांवर टाकून दोन्ही बाहुल्यांमधला चमकता ठिपका एकाच जागी पडतो का बघितलं, मग एक डोळा झाकायचा, उघडायचा, दुसरा झाकायचा, असं चाललं होतं, झाकलेला डोळा सुटल्यावर हलतो का ते कळतं त्यातून. त्यांच्या टेबलावर एक छोटं खेळणं होतं आणि मुलाचं लक्ष त्याच्यावर, त्याला कळलंही नाही की तपासणी चाललीय. ह्या टेस्टचा एक फायदा असा की नाकाचा पूल रुंद असला किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असली की कित्येक बाळं उगाच तिरळी वाटतात, डोळे सरळच असतात, आणि घरचे मात्र हैराण. उलटही होतं, खरा तिरळेपणा असतो आणि मोठी माणसं म्हणतात वाढत्या वयात जाईल. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे मधूनमधून इकडे तिकडे जातात ते चालतं, पण त्यानंतरही जात असतील, किंवा कधीही डोळा कायमच वळलेला दिसला, तर दाखवायचं. डॉक्टरांनी हे अगदी स्पष्ट सांगितलं.

नंतर थेंब. ह्याच्यावर थोडं जास्त लिहिते कारण लोक नेमका हाच भाग टाळतात, "पुन्हा कधीतरी घालू" म्हणून. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग खूप लवचीक असतं. ते फुगवून मूल चार-पाच प्लस नंबरसुद्धा स्वतःच्या जोरावर झाकू शकतं, त्यामुळे साध्या तपासणीत प्लस नंबर कमी निघतो, कधी निघतच नाही, आणि मशीनमध्ये जवळ बघून जोर लावला तर खोटा मायनस नंबरही येऊ शकतो. थेंब घातले की भिंग फुगवणारा स्नायू थोड्या वेळासाठी सैल पडतो आणि खरा नंबर दिसतो. मग डॉक्टर अंधारात रेटिनोस्कोप नावाच्या उपकरणाने उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवतात, आतून येणारी चमक कुठल्या दिशेने सरकते ते बघत एक एक काच समोर धरतात, आणि मुलाला एक शब्दही न विचारता नंबर निघतो. "हे बरं दिसतंय की ते" ह्या प्रश्नाला सहा वर्षांचं मूल काहीही उत्तर देतं हो, दोन्ही बरे म्हणतं नाहीतर ताईंना जे आवडेल ते म्हणतं. आमच्या पोराचा उजवा निघाला प्लस पाऊण आणि डावा प्लस साडेचार. लहान वयात थोडा प्लस बहुतेकांना असतो, उजव्याचं काही नव्हतं. डाव्याचा साडेचार आणि दोन डोळ्यांतला फरक, हे खरं दुखणं.

ह्याला लेझी आय म्हणतात, आळशी डोळा. साधारण शंभरातल्या दोन-तीन मुलांना असतो. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की वर्गात दोन मुलं आहेत, एक स्पष्ट उत्तर देतं आणि दुसरं पुटपुटतं, तर बाई हळूहळू पहिल्यालाच विचारायला लागतात, आणि दुसरं मग बोलायचंच बंद होतं. मेंदू तसंच करतो. डोळ्याची बुबुळं, पडदा सगळं ठीक असतं, पण धूसर चित्र येतंय म्हणून मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि हे शिकणं लहानपणीच होतं. मी नंतर वाचलं की ह्युबेल आणि वीझेल ह्या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा बंद ठेवून हेच दाखवलं होतं, की लहान वयात एक डोळा वापरला गेला नाही तर मेंदूतल्या पेशी दुसऱ्याच डोळ्याला जोडल्या जातात. त्या दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात हे कामही होतं. म्हणून मोठेपणी कितीही भारी चष्मा लावला किंवा लेझरने नंबर घालवला तरी तो डोळा पूर्ण बघायला लागत नाही, वेळ निघून गेलेली असते. सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर सगळ्यात बरं, पण त्यानंतरही, बारा वर्षांपर्यंतच्या बऱ्याच मुलांत सुधारणा झालेली अभ्यासात दिसलीय, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोणी "आता काही उपयोग नाही" म्हणून घरी पाठवलं तर दुसरीकडे दाखवा.

मला वाटलं लगेच चांगला डोळा पट्टीने झाकायला सांगतील, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. नाही. आधी फक्त चष्मा, काही आठवडे, दिवसभर. फक्त चष्म्याने बऱ्याच मुलांची नजर दोन-तीन ओळी वाढते, काहींना तर पट्टी लागतच नाही. ही शिस्त मला आवडली, उगाच सगळं एकदम मुलाच्या गळ्यात मारलं नाही. चष्मा लावून पहिल्या दिवशी डावा ६/३६ होता, पुढच्या तपासणीत ६/२४, मग पट्टी, चांगल्या डोळ्यावर, रोज दोन तास. मी विचारलं, दोनच तास? आमच्या ओळखीत एकाला दिवसभर लावायला सांगितली होती. तर डॉक्टर म्हणाले की २००३ साली अमेरिकेत सात वर्षांखालच्या मुलांवर ह्याचा अभ्यास झाला, मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्यात दोन तास आणि सहा तास पट्टी ह्यांचा परिणाम चार महिन्यांनी जवळपास सारखाच निघाला. नजर फारच कमी असेल तर तास वाढवतात. आणि पट्टी अजिबातच लावू देत नाही अशा मुलांसाठी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचा थेंब, तो डोळा जवळचं धूसर बघतो आणि आळशी डोळ्याला काम करावं लागतं. तोही पट्टीइतकाच उपयोगी ठरलाय, मध्यम केसमध्ये फक्त शनिवार-रविवार घातला तरी चालतो. हा पर्याय आम्ही न विचारताच सांगितला गेला, ह्याला मी फार मार्क देते.

पट्टीबद्दल घरच्या टिप्स, कारण ह्या कोणी कागदावर लिहून देत नाही. पट्टी कातडीवर चिकटणारी घ्या, चष्म्याच्या काचेवर बसणारी कापडी टोपी दिसायला गोड असते पण मुलं वरून, नाकाकडून, जिथून फट मिळेल तिथून बघतात. काढताना कोमट पाण्याने कडा ओल्या करा, भुवई ओढली गेली की दुसऱ्या दिवशी युद्ध. कातडी लाल झाली तर पट्टी किंचित तिरकी लावा म्हणजे रोज तीच जागा येत नाही. पट्टीच्या वेळात जवळचं काम द्यावं, रंगवणं, ठिपके जोडणं, बारीक ब्लॉक, काहीही ज्यात तो डोळा राबेल. आम्ही शाळेतून आल्यावर लावतो, शाळेत नाही, पण बाईंना सांगून ठेवलंय. पहिले काही दिवस तो पट्टी लावली की भिंतीला हात लावत चालायचा, ते बघवत नाही, खोटं कशाला सांगू. आता पट्टी लावूनच सायकलची चेन बसवत बसतो. डावा डोळा आता ६/९ आहे. पट्टी एकदम बंद नाही करायची, हळूहळू कमी करायची आणि नंतरही तपासायला यायचं, कारण बंद केल्यावर साधारण चारातल्या एका मुलाची नजर परत घसरते असं सांगितलंय.

आमच्याबरोबर जाऊबाई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या, तिची गोष्ट उलटी, मायनस नंबर, दर तपासणीला वाढतोय. आधी जिथे जायच्या तिथे मुद्दाम थोडा कमी नंबर द्यायचे, म्हणे डोळ्यांना सवय लागू नये. इथे डॉक्टरांनी ते लगेच बंद केलं. कमी नंबर दिल्याने वाढ थांबत नाही, उलट काही अभ्यासांत जास्त वाढ दिसलीय. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत तर कृपा करून सोडा आता, नंबर वाढतो कारण डोळ्याचा गोळा लांब होत जातो, चष्मा असो नसो. ती लांबी मोजायचं मशीन इथे आहे आणि प्रत्येक वेळी मोजून आलेख काढून दाखवतात, ही गोष्ट मला बाकी ठिकाणी दिसली नाही. उपाय म्हणून कमी ताकदीचे अॅट्रोपिन थेंब रात्री झोपताना. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशा तीन ताकदी बघितल्या होत्या, त्यात ०.०५ सगळ्यात जास्त चालली. खास काचाही निघाल्यात ज्यांच्या मधल्या भागातून स्वच्छ दिसतं आणि कडेला बारीक बारीक भिंगं असतात, त्याही वाढ मंदावतात. वाढ मंदावते हं, नंबर उतरत नाही, हे जाऊबाईंना परत परत विचारून पक्कं करून घ्यावं लागलं. थेंब एकदम सोडले तर वाढ उसळी मारू शकते हेही सांगितलं.

आणि बाहेर खेळणं. ह्याच्यावर डॉक्टरांनी जितका वेळ घालवला तितका थेंबांवरही नाही. रोज दोन तास दिवसाउजेडी बाहेर. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं बाहेरचा जादा तास दिला, तीन वर्षांनी बघितलं तर त्या शाळांत नव्याने मायनस नंबर लागलेली मुलं ३० टक्के आणि बाकीच्या शाळांत ४० टक्क्यांच्या आसपास. २०१५ मध्ये छापून आलंय ते. एकदा नंबर लागल्यावर बाहेर खेळण्याचा फायदा कमी होतो, सगळ्यात जास्त उपयोग नंबर लागायच्या आधी. धाकटी भावंडं असणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. मोबाईलबद्दल अर्थातच बोलणी बसली, पण पुस्तकसुद्धा नाकाला लावून तासन् तास वाचलं तर तेच, त्यामुळे "आमची फक्त वाचते" हा बचाव चालला नाही.

आता पाचवा स्टार का नाही ते.

पहिलं म्हणजे वेटिंग. वेळ देतात ती नुसती शोभेची. थेंबांना चढायला अर्धा-पाऊण तास लागतो हे मान्य, पण त्याच्या आधीचं ताटकळणं कशासाठी? आणि थेंब झोंबतात, एक मूल रडलं की आतली सगळी रडायला लागतात. थेंब घालायची जागा वेगळी असती तर निम्मं रडणं वाचलं असतं.

दुसरं जास्त गंभीर. थेंब घातल्यावर पुढे काय होऊ शकतं हे आम्हाला नीट सांगितलं नाही. संध्याकाळी मुलाचा चेहरा लालबुंद, अंग गरम, तोंडाला कोरड आणि चिडचिड, मी तर घाबरले. फोन केला तर तिथल्या सिस्टरनी लगेच उचलला आणि शांतपणे समजावलं, थेंब नाकाच्या नळीतून अंगात उतरले की काही मुलांना असं होतं, पाणी पाजा, उन्हात नेऊ नका, ताप चढत गेला किंवा मूल बरळायला लागलं तर लगेच आणा. फोन उचलला ह्याचे मार्क दिलेत, पण हे कागदावर छापून हातात द्यायला काय जातं? आणि थेंब घातल्या घातल्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला तर औषध अंगात कमी उतरतं, ही साधी युक्ती तर आधी सांगायला हवी. बाहुल्या मोठ्या असल्याने दुसऱ्या दिवशीही उजेड सहन होत नव्हता, जवळचं धूसर, गृहपाठ झाला नाही. शाळेची परीक्षा असेल त्याच्या आदल्या दिवशी अजिबात जाऊ नका.

तिसरं त्यांचं चष्म्याचं काउंटर. आत डॉक्टर इतकं मोजूनमापून बोलणार आणि बाहेर काउंटरवाले दादा निळ्या उजेडाची कोटिंग घ्या, घ्याच, मुलाचे डोळे वाचतील म्हणून मागे लागणार. त्या कोटिंगने डोळ्यांचा थकवा कमी होतो ह्याला पुरावा नाही, कॉक्रेन ह्या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही तसं काही सापडलं नव्हतं. तो आढावा मोठ्या माणसांवरचा होता, पण मुलांच्या बाबतीत तरी दादांकडे काय वेगळं होतं? मी नाही घेतली. खर्च करायचाच असेल तर काच पॉलिकार्बोनेटची घ्या, पडली आपटली तरी फुटून डोळ्यात जात नाही, आणि ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याला तर तीच हवी. फ्रेम नाकावर घसरणारी नको, मूल काचेच्या वरून बघायला लागलं की चष्मा असून नसल्यासारखा. मागे इलास्टिक पट्टा बांधून घ्या, शोभा जाऊ द्या. आणि वाढायला जागा म्हणून मोठी फ्रेम तर मुळीच नको, बाहुली काचेच्या मध्यावर यायला पाहिजे.

बाकी त्यांच्या भिंतीवर एक पोस्टर आहे ते मला प्रत्येक बालवाडीत लावावंसं वाटतं. बाळाचा फ्लॅश मारून काढलेला फोटो, एका डोळ्यात नेहमीचा लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा. फोटोत बाहुली पांढरी दिसली तर कधी कधी तो नुसता फोटोच्या कोनाचा खेळ असतो, पण जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सरही असू शकतो जो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. तेव्हा असा फोटो दिसला तर पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. तसंच बाळ खूप आधी जन्मलेलं, वजनाने फार कमी असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच पडदा तपासावा लागतो, दवाखान्यातून घरी सोडताना कोणी सांगितलं नसेल तर आपण विचारायचं.

तिथे बसल्या बसल्या एका आईशी ओळख झाली, त्यांच्या मुलाला डोळ्यांची खाज, सारखा चोळायचा, आणि कोणीतरी दिलेले थेंब त्या स्वतःच्याच मनाने महिनोन् महिने घालत होत्या कारण घातले की लगेच आराम पडायचा. स्टेरॉइडचे होते. मुलाच्या डोळ्याचं प्रेशर वाढलं होतं, काचबिंदूच्या वाटेवर. आता सगळं बदललंय त्यांचं औषध. आराम पडतो म्हणून जुनी बाटली परत परत आणणं, हे ऐकून मी घरी आल्यावर आमच्या कपाटातल्या सगळ्या उघड्या बाटल्या फेकल्या. सतत चोळल्याने बुबुळ पातळ होऊन पुढे येतं ते वेगळंच, चोळू नको म्हणून ओरडण्यापेक्षा खाजेवर नीट औषध घ्या.

डॉक्टर एकूण कमी बोलतात पण मुलाशी आधी बोलतात, मग आपल्याशी, आणि "घाबरू नका" असं म्हणून गप्प बसवत नाहीत. प्रश्न विचारले की उत्तर देतात. दर वेळी ताई मात्र त्याच असतील असं नाही, एकदा नवीन कोणी होत्या, त्यांनी चिकटपट्टीऐवजी हाताने डोळा झाकायला सांगितला, मी म्हटलं आमच्या त्या ताई पट्टी लावतात, तर हसल्या आणि लावली. सांगायला लाजू नका.

जायचं ठरवलं तर फोनवर आधी दोन गोष्टी विचारून घ्या, ऑर्थोप्टिस्ट कुठल्या दिवशी असतात (म्हणजे तिरळेपणाची मापं घेणाऱ्या, आमच्याकडे रोज नसतात) आणि त्याच दिवशी थेंब घालणार का. जुन्या चष्म्याचे सगळे कागद न्या, जुना चष्माही न्या, मूल झोपेला आलेलं असेल अशी वेळ घेऊ नका, आणि येताना उन्हासाठी टोपी किंवा गॉगल बरोबर असू द्या, तिथे देत नाहीत.